सिंहासन आणि किनारा

दिवाळी आली की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात. मावळे बुरुजाबुरुजावर आणि महाराज अगदी वर, सिंहासनावर. पोरांच्या किल्ल्यात सिंहासन बाजारातून आयते येते. खऱ्या महाराजांना ते आयते मिळाले नव्हते. वडील शहाजीराजे निजामशाहीचे, पुढे आदिलशाहीचे सरदार. त्यांच्या चिरंजीवांनी, शिवाजीराजांनी, गड घेतले, आरमार उभारले, दोनदा सुरत लुटली, तरी विजापूर आणि दिल्लीच्या लेखी ते बंडखोरच.

६ जून १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक हा आम्हाला या पेचावरचा तोडगा वाटतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज, काशीचे गागाभट्ट, नवा शक, होनावर राजाचे नाव. बखरकार सभासद बत्तीस मण सोन्याचे सिंहासन सांगतो. आकडा फुगलेला असेल, असू दे. खरे वजन यायचे होते ते राजाच्या शब्दाला.

ते जोखायला मुंबईचे इंग्रज लगेच हजर होते. त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौल, अष्टमी, निजामपूर असे करत भर उन्हाळ्यात रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला पोहोचला. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई हवी, व्यापाराला सवलती हव्यात, जंजिऱ्याच्या सिद्दीशी तह हवा. व्यापाराचे जमले, सिद्दीशी तह नाही म्हणजे नाही. आम्हाला रस आहे तो फुटक्या गलबतांच्या कलमात. आमची जहाजे फुटून किनाऱ्याला लागली तर माल परत द्या, ही इंग्रजांची मागणी. असा माल राज्यकर्त्याचा, ही कोकणची जुनी रीत. म्हणून राजांनी हे कलम सुरुवातीला अडवून धरले. अभिषेकाच्या धामधुमीतही वाळूवर वाहून आलेल्या लाकडांचा हक्क सोडायचा नव्हता!

सिंहासनाने सगळेच साधले असेही नाही. जंजिरा शेवटपर्यंत हाती आला नाही, समोर पद्मदुर्ग बांधूनही. आणि तह करून गेलेले इंग्रज १६७९ मध्ये खांदेरी बेटाची तटबंदी रोखायला गलबते घेऊन आले. बेटावर मराठा आरमाराचे मायनाक भंडारी ठाण मांडून होते. इंग्रजांना माघार घ्यावी लागली, बेट मराठ्यांकडेच राहिले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या बारा किल्ल्यांत रायगड आहे आणि खांदेरीही. या अंकात आम्ही दुसऱ्याला झुकते माप दिले आहे. रायगडावर जायला रोपवे आहे. खांदेरीला थळहून होडी ठरवावी लागते, तीही दर्या निवळला असेल तर. सुट्टीत एकच जमणार असेल तर खांदेरी करा.