टाकी फुल्ल झाली, विहिरीचं काय?

बांद्याचा, सावंतवाडीचा, दोडामार्गचा माणूस गोव्यात कशाला जातो? नोकरीला, बांबोळीला आणि पेट्रोल भरायला. खोटं वाटत असेल तर पत्रादेवीपलीकडच्या पंपावर उभे राहून एमएच ०७ च्या गाड्या मोजा. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, लिटरमागे अकराएक रुपये उतरले आणि ही सवय आपल्याला लागली ती लागलीच. पुढे कर वाढला, तरी आपल्यापेक्षा तिथे स्वस्तच.

मीही तिथेच भरतो, उगाच साळसूदपणा नको. पण हिशेब नीट मांडूया. वाचलेले पैसे आपल्या खिशात आणि जमिनीखालच्या टाक्या पेडणे-डिचोलीच्या गावांत.

राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी नियम काढले. शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि रहिवासी क्षेत्र यांच्यापासून ५० मीटर लांब. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा घेऊन ३० मीटर. अंतराच्या या यादीत विहीर नाही! शहरात बसून नियम केले की असं होतं. आपल्याकडे घरं वाडीवाडीने विखुरलेली, खाली सच्छिद्र जांभा, पावसात विहिरीचं पाणी हाताला लागतं. पेट्रोल पाण्याहून हलकं, ते वर तरंगतं आणि थोडं उतरलं तरी पाणी तोंडात धरवत नाही. २०२३ मध्ये दाबोळीजवळ माटवेत हेच झालं. बंदराकडून येणाऱ्या वाहिनीतलं इंधन लोकांच्या विहिरींत आणि नाल्यात उतरलं. तिथे वाहिनी होती, इथे टाकी असेल. जांभ्याला काय फरक पडतो?

आता बाटल्या. हरमल, मांद्रे, मोरजीच्या रस्त्यांवर दुकानाबाहेर पाण्याच्या बाटल्यांत पिवळसर पेट्रोल उन्हात मांडलेलं असतं, पंपापेक्षा चढ्या भावाने. १९३४ चा पेट्रोलियम कायदा म्हणतो, विकायचं नसेल तरच परवान्याविना पेट्रोल ठेवा, तेही ३० लिटरपर्यंत. भांडं काचेचं असेल तर एक लिटरचं, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लॅस्टिकच्या बाटलीला त्यात जागाच नाही. तरी नुसत्या छाप्यांनी हे थांबणार नाही. ज्याला बागेत ग्रास कटर चालवायचाय आणि पंप दूर आहे, तो बाटलीच शोधणार. आणि पंपवाल्याने बाटलीत द्यायला नकार दिला की त्याच्याशी हुज्जत कोण घालतं? आपणच.

तिळारीचं पाणी दोडामार्गातून डिचोली, पेडणे, बार्देशात जातं. म्हणजे वरच्या बाजूला आपण आहोत, आपला कॅन कुठे सांडला तर तो खाली जाणार. प्रदूषण मंडळं मात्र दोन, आणि चेकपोस्टच्या दोन्ही अंगांना मिळून विहिरी तपासाव्यात असं कुणाच्या डोक्यात नाही.

पेडणे-डिचोलीतले जे वाचताय, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत एवढंच मागा: पंपाजवळच्या विहिरींचं पाणी पावसाआधी आणि पावसानंतर तपासायचं, निकाल पंचायतीच्या फलकावर लावायचा. टाकीची गळती-चाचणी कधी झाली तेही पंपवाल्याने सांगायचं. अलीकडच्या आपल्या लोकांनी निदान घट्ट झाकणाचा पत्र्याचा कॅन घ्यावा. तेवढं तर वाचलेल्या पैशांतूनही होईल.