दान आलेलं वाय-फाय

गेल्या वर्षी आमच्या शाळेला एका कार्यालयाने दोन जुने अ‍ॅक्सेस पॉइंट दान दिले. छताला लावायचे, पांढरे, घरच्या राउटरपेक्षा दणकट. नारळ फुटला, फोटो झाले. पण वाय-फाय काही दिसेना, दिवा नुसता लुकलुकत राहिला.

कारण नंतर कळलं. मोठ्या कार्यालयांतले असे डबे बऱ्याचदा एकटे चालत नाहीत. त्यांना कंट्रोलर नावाचा मुकादम लागतो आणि आमचा मुकादम जुन्या मालकाकडेच राहिला होता! एकट्याने चालवायचं तर वेगळं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअर, टाकावं लागतं. चौथीतल्या एका मुलीचे बाबा नेटवर्कचं काम करतात. त्यांनी दोन रविवार त्यात घातले. फाइल नीट उतरली का ते चेकसमने तपासलं आणि डबा इन्व्हर्टरवर घेतला, कारण फर्मवेअर लिहिताना वीज गेली तर डबा कायमचा बंद पडू शकतो. आमच्याकडच्या विजेचं तुम्हाला सांगायला नको. पहिला डबा आठवडाभर चालवून मगच दुसऱ्याला हात लावला.

आता खरा मुद्दा. आमच्या डब्यांसाठी निघालेलं शेवटचं फर्मवेअर 2016 चं आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये बेल्जियममधले संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी डब्ल्यूपीए2 मधला 'क्रॅक' नावाचा दोष जाहीर केला. तो मुख्यतः फोन-लॅपटॉपच्या बाजूचा. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये फास्ट रोमिंग चालू असेल तर तिथेही धोका. आमच्या डब्यांना ती दुरुस्ती कधीच मिळणार नाही.

"चालतंय ना सर, मग झालं," असं आमच्याच स्टाफरूममध्ये ऐकलं. मला ते पटत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर यू-डायस प्लसचं काम चालतं, मुलांचे आधार क्रमांक असतात. आम्ही तो लॅपटॉप केबलवर घेतला, वाय-फाय फक्त टॅबसाठी वेगळं ठेवलं, फास्ट रोमिंग बंद केलं, डब्याचा मूळ पासवर्ड बदलला.

माझं मत असं, की दान घेण्याआधीच विचारावं: हे कंट्रोलरशिवाय चालेल का? फर्मवेअर कुठून मिळेल, आणि ते अजून निघतंय का? उत्तर नसेल तर नम्रपणे नको म्हणावं. देणाऱ्याचा ई-कचरा शाळेने का सांभाळायचा?

आमच्या डब्यांवर आता फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. जूनमध्ये शाळा उघडली की एक डबा उतरवणार आहोत. दुसऱ्याचं अजून ठरत नाही, मुख्याध्यापकांना तो आवडतो.