आमची एकी कोण मोजणार?

गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या एका धनगरवाड्यावर दोन शिकलेली पोरं प्रश्नांचे कागद घेऊन आली. पोरं चांगली होती, भाकरी खाऊन गेली. घरोघरी विचारत होती: तुम्ही किती संस्थांचे सभासद आहात? बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो, की जपून राहावं लागतं? एक आजी म्हणाल्या, "सौंस्थेत कुटल्याच न्हाई बाबा. आन जपूनच ऱ्हावं लागतंय की." पोरांनी खुणा केल्या आणि पुढच्या घरी गेली. कागदावर आजीच्या घराची एकी शून्य.

त्याच आजीचं छप्पर पावसाआधी चार घरांनी मिळून शाकारलं होतं. ते कुणी विचारलंच नाही. आणि 'जपून' हे त्या शेजाऱ्यासाठी बोलल्या नव्हत्या. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं, १९८५ साली ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं. तेव्हापासून वहीत नाव लिहून घेणारा माणूस दिसला की आपल्याला आधी दंड आठवतो.

अभ्यासक या मोजणीला 'सामाजिक भांडवल' म्हणतात. म्हणजे माणसांची एकमेकांशी असलेली ओळख, भरवसा, अडीनडीला धावून जाण्याची रीत. अमेरिकेतल्या रॉबर्ट पुटनम यांनी इटलीचा अभ्यास करून १९९३ साली पुस्तक लिहिलं. त्यांनी खेळाचे क्लब, गाण्याची मंडळं, वर्तमानपत्र वाचणारे, मत देणारे मोजले. जिथे हे जास्त, तिथला सरकारी कारभार बरा, असं त्यांना दिसलं. पुढे २००४ साली जागतिक बँकेनं गरीब देशांसाठी लांबलचक प्रश्नावलीच काढली.

इटलीत ते चालत असेल. इथे संस्था मोजायला गेलं तर निम्म्या कुठल्यातरी योजनेसाठी कागदावर काढलेल्या निघतात. अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाला राजस्थानच्या खेड्यांत हेच दिसलं. म्हणून त्यांनी संस्था सोडल्या आणि लोकांच्या रोजच्या जगण्यातलं विचारलं: सगळ्या गावाच्या पिकावर रोग पडला, तर जो तो आपापलं बघेल की गाव मिळून काही करेल? असं विचारलं असतं तर आजी तासभर बोलल्या असत्या. रोप लागणीचा पैरा, वणवा लागल्यावर फांद्या घेऊन धावणारी पोरं, आजाऱ्याला डोलीतून रस्त्यापर्यंत आणणारे खांदे, हे सगळं निघालं असतं.

कृष्ण यांचं आणखी एक म्हणणं आपल्याला लागू आहे. नुसती एकी असून भागत नाही. कचेरीची वाट माहीत असलेला, अर्ज लिहिणारा, गावाला धरून राहणारा माणूस लागतो, नाहीतर ती एकी वाड्यावरच राहते. आपल्या वनहक्क दाव्यांचं तेच झालंय. आदिवासी नसलेल्या धनगर कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाब हा त्याचा कायद्याने मान्य पुरावा आहे. जबाब द्यायला वाडा तयार आहे. लिहून घ्यायला आणि प्रांत कचेरीत पाठपुरावा करायला माणूस नाही.

आपलंही जरा बघू. बैल नसलेल्या विधवेला पैऱ्यात कोण घेतं? वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्यात; नावं असतात, पण बैठकीचा निरोप किती जणींना जातो? बाहेरच्यानं हे मोजलं तर राग येऊ देऊ नका.

राग यावा तो दुसऱ्याच गोष्टीचा. 'यांच्यात एकी नाही म्हणून हे मागे' असा निष्कर्ष निघाला, की जमीन कुणी काढून घेतली हा प्रश्न बाजूला पडतो. जॉन हॅरिस यांनी २००१ च्या पुस्तकात जागतिक बँकेच्या या भांडवलावर हाच आक्षेप घेतला आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे गावकरी स्वतः अभ्यास गटात बसतात आणि ग्रामसभा सर्वांच्या सहमतीनं ठरवते. आपणही एवढं करू. प्रश्नावली आली की आधी ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्यायची. माहिती कशाला हवी ते विचारायचं, आणि अहवाल मराठीत गावाला मिळेल हे लिहून घ्यायचं. नाहीतर चहा पाजून वाटेला लावायचं.

आणि या पावसाळ्यात प्रत्येक वाड्यानं आपली वही घालावी: कोण कुणाच्या पैऱ्याला गेलं, कोण राहिलं, कुठल्या जाणत्याचा जबाब लिहून झाला. दिवाळीआधी वह्या कार्यालयात पोचवा. पुढच्या अंकात त्यातलंच छापू.