सक्तीचे शिपाई

दिवाळीत नातवंडे जमली की फराळाच्याही आधी टिकल्यांचे पिस्तूल बाहेर पडते आणि पहिला नेम माझ्यावर धरला जातो. यंदा नेम धरणाऱ्या स्वारीने विचारले, "आजोबा, तुम्ही कधी खरी बंदूक उडवलीय?" मी "हो" म्हणालो. कोणाचाच विश्वास बसला नाही. माझी एकंदर प्रकृती पाहता त्यात पोरांचा दोष नाही. पण वाचकहो, मी खरोखरच उडवली आहे. पाच गोळ्या. त्यांतल्या तीन कुठे गेल्या ते त्या माळालाच ठाऊक!

स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करभरती कधी झाली नाही. मात्र 1962 च्या चिनी आक्रमणानंतर, 1963 साली, कॉलेजातल्या धडधाकट मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली आणि 1968 साली ती पुन्हा ऐच्छिक होईपर्यंत जी पोरे कॉलेजात होती त्यांच्या वाट्याला थोडीबहुत शिपाईगिरी आली. मी त्यांतलाच एक. जळकोटहून नांदेडला शिकायला आलेला, अंगाने तुराटी. धडधाकट म्हणून माझी निवड कशी झाली याचे मला आजही नवल वाटते.

जळकोट तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा व्हायचा होता 1982 साली. त्याआधी निजामाच्या अमलात आमचा जिल्हा बीदर. आमच्या आजीला हे बदललेले जिल्हे कधी नीट कळले नाहीत. खाकी रंग मात्र तिला बरोबर कळे. 1948 च्या पावसाळ्यात रझाकार गावावर येणार अशी बोंब उठली, तेव्हा मला, दोन वर्षांच्या पोराला, पदराखाली घेऊन ती दोन रात्री ज्वारीच्या उभ्या पिकात बसून राहिली होती. मी रडू नये म्हणून तिने माझ्या तोंडात गुळाचा खडा धरून ठेवला होता. पुढे रझाकार गेले, पण खाकी काही गेली नाही. पोलीस, पोस्टमन, इतकेच काय, एस.टी.चा कंडक्टर दिसला तरी आजी दाराआड होई. मला गणवेश मिळाल्याचे ऐकून ती एवढेच म्हणाली, "घाल बाबा, सरकार म्हणतंय तर. पर त्या कपड्यात माझ्या दारी येऊ नगंस."

डिसेंबर 1965 मध्ये आमचा कॅम्प लागला. कॅम्प दहा दिवसांचा. पण जिवावर बेतला तो पहिला आठवडा. पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन तीनच महिने झाले होते, त्यामुळे आमच्या उस्तादांच्या आवाजाला धार होती. पहाटे पाचला शिट्टी. माळावरची थंडी, बादलीतले बर्फासारखे पाणी आणि लगेच धाव. मग खिळ्यांचे बूट घालून कवायत. 'सावधान', 'विश्राम', 'पीछे मुड'! आमच्या तुकडीत एकाचा डावा-उजवा असा काही घोळ होता की सगळे पूर्वेला वळले की तो बापडा पश्चिमेला तोंड करून एकटाच उभा. थ्री-नॉट-थ्री रायफलचे वजन चार किलोच्या आसपास. सकाळी ती चार किलो असे, दुपारी चौदा आणि संध्याकाळी, ती डोक्यावर आडवी धरून मैदानाला फेरी मारताना, चाळीस. बटण तुटलेले दिसले की रगडा, हसू फुटले की रगडा. पाठीवर पिठ्ठू बांधून पळणे म्हणजे काय असते ते शब्दांत सांगता येणार नाही, आणि दिवाळी अंकात ते शोभणारही नाही. दुपारी चर खणायचे, रात्री ढीगभर बटाटे सोलायचे. लंगरच्या रोट्या इतक्या जाड, की भाकरीवर वाढलेल्या आम्हा मराठवाड्याच्या पोरांनाही त्या गिळवत नसत. जगात इतरत्र याहून भयंकर चालले होते. त्याच सुमारास आमच्या वयाची अमेरिकन पोरे सक्तीने व्हिएतनामला धाडली जात होती. पण टाचेला फोड आलेल्या माणसाला व्हिएतनाम आठवत नाही.

उस्ताद आम्हाला गावाच्या नावाने हाक मारीत. मी 'जळकोट', आणि माझ्या शेजारी झोपणारा 'कंधार'. तो उंच, अबोल, मुसलमान मुलगा होता. दुसऱ्या रात्री माझे फुटलेले फोड पाहून त्याने काही न बोलता अंगाच्या साबणाची वडी काढली आणि माझ्या पायमोज्यांना आतून खसाखसा चोळली. "आता घासणार नाही," म्हणाला. आणि खरेच घासले नाही. पुढे मी आयुष्यात पुष्कळ डॉक्टर पाहिले, पण असा गुण क्वचित आला.

चौथा दिवस वेळ अमावास्येचा. आमच्याकडे तिला 'येळवस' म्हणतात. पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगायला हवे, की मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या भागातली गावे ओस पडतात; सगळी माणसे शेतात. कडब्याची कोप घालायची, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, तिळाच्या पोळ्या. येईल त्याला आग्रहाने जेवू घालायचे. जन्मात मी ती चुकवली नव्हती. सुटी मागितली, तर सुटीऐवजी रगडा मिळाला.

त्या रात्री आम्हा दोघांवर दोन ते चारचा पहारा होता. हातात काठी, डोक्यात घर. मी ठरवले, पळायचे. हमरस्ता जवळच होता, मालमोटार मिळाली असती. कंधारला सांगितले. तो म्हणाला, "जा. हजेरीपर्यंत मी सांभाळतो." "आणि मग?" "मग काय, पिठ्ठू. दोघांचा मी घेईन." हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की माझे पायच उचलेनात. मी दगडावर बसलो. मग त्याने येळवशीला काय काय करतात ते विचारले; मी सांगत गेलो. आंबिलीचे नाव निघताच तो म्हणाला, "आमच्या घरी यायची ना. शेजारच्या पाटलांच्या शेतातून, घागर भरून. अठ्ठेचाळीसनंतर बंद झाली." मला काही उमगले नाही. चार वाजले, बदलीची जोडी आली.

आठवड्याच्या शेवटी गोळीबार झाला, त्याचा हिशेब वर दिलाच आहे. खांदा मात्र निळा पडला. तो आठवडा गेला आणि पुढचे तीन दिवस कसे सरले ते कळलेही नाही.

परतीला एका एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. कंधार जवळ आले तशी त्याने ट्रंक उघडली, खाकी शर्ट काढून तळाशी ठेवला आणि पांढरा चढवला. मी विचारले, हे काय? "आई घाबरते," तो म्हणाला. "पोलीस ॲक्शननंतर काही दिवस आम्ही गावात नव्हतो. परत आलो तेव्हा दोन मामा नव्हते." रझाकार गेल्यावर मराठवाड्यात जे सूड उगवले गेले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी केली होती, तिचा अहवाल मात्र कित्येक वर्षे कपाटातच होता. आमच्या शाळेच्या पुस्तकात 17 सप्टेंबरनंतरचे पान नव्हते. मी काही बोललो नाही. माझीही ट्रंक उघडली, माझाही पांढरा शर्ट काढला. त्याने पाहिले. "तुझी पण आई?" "आजी," मी म्हणालो. स्टँड आला, तो उतरला.

घरी आजीने येळवशीच्या तिळाच्या पोळ्या माझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. खाता खाता मी तिला साबणाची आणि पहाऱ्याची गोष्ट सांगितली. "कुणाचा हाय पोरगा?" तिने विचारले. मी सांगितले. मामांचेही सांगितले. ती बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या मायनं कुठं लपवलं आसंल रे त्याला?" मला ठाऊक नव्हते.

सुटी संपून नांदेडची गाडी धरली तेव्हा बोचके नेहमीपेक्षा जड लागले. उघडून पाहिले. पोळ्या दोन वेगवेगळ्या फडक्यांत बांधल्या होत्या आणि दुसऱ्या फडक्यात गुळाचा एक मोठा खडा होता.