दुर्बिणीचे सांधे कोण तपासतो?

मार्च २०२५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए-लो दुर्बिणीची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली. नियोजित १,३१,०७२ अँटेनांपैकी अवघ्या १,०२४ अँटेनांनी ती टिपली होती, आणि आकाशाच्या सुमारे २५ चौरस अंशांच्या तुकड्यात तीत ८५च्या आसपास दीर्घिका दिसत होत्या. अशा बातमीवर आपली चर्चा ठरावीक वाटेने जाते: अँटेना किती, तबकड्या किती, भारताचे पैसे किती. पैशाचा आकडा लहान नाही. २०२४च्या सुरुवातीस या प्रकल्पातील १,२५० कोटी रुपयांच्या भारतीय सहभागाची मान्यता जाहीर झाली. परंतु या सहभागाचा बौद्धिकदृष्ट्या सर्वांत अवघड भाग तबकड्यांत नसून सॉफ्टवेअरच्या सांध्यांत आहे, आणि सांधे तपासण्याची साधने कशी निवडावीत याविषयी आपल्या विज्ञानशिक्षणात जवळजवळ काहीच बोलले जात नाही. हे लेखन त्या मौनाविषयी आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने एसकेएच्या आरेखनकाळात ‘टेलिस्कोप मॅनेजर’ या घटकाच्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व केले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि पर्सिस्टंट यांसारख्या कंपन्या त्या कामात होत्या. दुर्बिणीच्या प्रत्येक भागाला आज्ञा देणे आणि त्याच्या प्रकृतीची खबर ठेवणे हे या घटकाचे काम. खोडदजवळच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अनेक वर्षे एका सुरात हलवण्याचा अनुभव पाठीशी असल्याने ही जबाबदारी पुण्याकडे येणे स्वाभाविक होते. मात्र जीएमआरटी एका देशात, एका संस्थेच्या छताखाली उभी राहिली. एसकेएची एक दुर्बीण ऑस्ट्रेलियात, दुसरी १९७ तबकड्यांची दक्षिण आफ्रिकेत, मुख्यालय इंग्लंडमध्ये जोड्रेल बँकला, आणि सॉफ्टवेअर लिहिणारे अनेक देशांत विखुरलेले. तबकडीचे नियंत्रण एक गट लिहितो, संकेतांची सांगड घालणाऱ्या यंत्राचे दुसरा, विदासंस्करणाचे तिसरा. हे सारे भाग स्वतंत्रपणे बांधले जातात, स्वतंत्रपणे बदलतात आणि एकमेकांना संदेश पाठवून काम करतात. वेब उद्योग ज्या रचनेला मायक्रोसर्व्हिस म्हणतो, तिच्या नात्यातलीच ही रचना.

अशा रचनेत दोष बहुधा एखाद्या भागाच्या पोटात सापडत नाही. दोन भागांमधल्या समजुतीत सापडतो. सारे भाग एकत्र जोडून एकदाच परीक्षा घ्यावी, हा उपाय सुचायला सोपा आहे. परंतु संपूर्ण दुर्बीण जोडलेल्या स्थितीत मिळणे हा दुर्मीळ योग असतो, आणि तेव्हा सापडलेला बिघाड कोणत्या गटाचा, हे ठरवण्यात आठवडे जातात. म्हणून समजूत लिहून काढायची आणि प्रत्येक गटाने स्वतःच्या जागी बसून तिच्याशी आपला भाग ताडून पाहायचा. यालाच करार-चाचणी, अर्थात कॉन्ट्रॅक्ट टेस्टिंग म्हणतात. ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या उरला औद्योगिक परिसरात काम करणाऱ्या कोणत्याही फिटरला ती समजावून सांगावी लागणार नाही. भोक योग्य मापाचे आहे का हे पाहायला त्यात बसणारा दांडा दुसऱ्या कारखान्यातून मागवावा लागत नाही; गो-नो-गो गेज पुरते. एक टोक आत जावे, दुसरे जाऊ नये, इतकेच.

गेज निवडायचे कसे, हा मात्र खरा वादाचा विषय.

सर्वाधिक चर्चेतले साधन ‘पॅक्ट’. ऑस्ट्रेलियातील घरखरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळाच्या तंत्रज्ञांनी ते २०१३च्या सुमारास घडवले. त्यात करार ग्राहक लिहितो. ज्या सेवेकडून माहिती घ्यायची तिची एक नक्कल उभी करून ग्राहकाची चाचणी चालते. ‘मी हे विचारले तर मला हे मिळावे’ अशी उदाहरणे त्यातून नोंदली जातात, आणि पुरवठादार तीच उदाहरणे आपल्या खऱ्या सेवेवर चालवून पाहतो. यातील सौंदर्य असे की ग्राहक प्रत्यक्षात वापरतो तेवढ्याच नोंदी करारात येतात. उरलेले बदलण्यास पुरवठादार मोकळा राहतो. अट एवढीच की दोघे एकमेकांना ओळखत असावेत आणि पुरवठादाराने प्रत्येक ग्राहकाची उदाहरणे चालवण्याची तयारी दाखवावी. एका संस्थेतील चार गटांना हे शोभते. वीस वर्षांनी कोण वापरील हे ठाऊक नसलेल्या वैज्ञानिक विदासंग्रहाला शोभत नाही.

दुसरी वाट आधी स्कीमा लिहिण्याची. संदेशाचा आकार एका सार्वजनिक मजकुरात ठरवायचा आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याशी जुळायचे. वेब सेवांसाठी ओपनएपीआय हे वर्णन रूढ आहे. ते वाचून ‘स्कीमाथेसिस’सारखे साधन शेकडो विचित्र विनंत्या आपणहून तयार करते आणि सेवा कोठे कोलमडते ते पाहते. एसकेएने निवडलेली वाट या जातीची आहे. आज्ञांच्या जेसन संदेशांचे स्कीमा एका सामाईक संग्रहात ठेवलेले असतात, आणि प्रत्येक संदेशात आपण कोणत्या स्कीमाच्या कोणत्या आवृत्तीनुसार लिहिलेलो आहोत याची नोंद असते. संदेश वाहून नेणारी ‘टँगो’ ही नियंत्रणप्रणाली एचटीटीपीवर चालत नाही, म्हणून वेब जगातली बहुतेक तयार साधने येथे थेट लागू पडत नाहीत. संदेशाचा मजकूर तपासता येतो, त्याची वाहतूक नव्हे. लोकप्रियतेच्या याद्या वाचून साधन निवडणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. सांध्यातून काय वाहते, हा प्रश्न साधनाच्या नावाआधी येतो.

माझ्या मते एसकेएची निवड योग्य आहे, आणि त्याचे कारण तांत्रिक कमी, कालिक अधिक आहे. ही वेधशाळा पन्नास वर्षे चालावी अशी अपेक्षा आहे. त्या काळात आजचे एकही चाचणी-साधन या रूपात टिकणार नाही. २०२३ मध्ये पोस्टमनने खाते न उघडता विनंत्यांचे संग्रह जपून ठेवू देणारी ‘स्क्रॅच पॅड’ ही सोय काढून घेतली, तेव्हा अनेकांना पर्याय शोधावे लागले. व्यवसायाच्या दृष्टीने तो निर्णय समजण्याजोगा असेल. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वेधशाळेचा करार मात्र अशा निर्णयाच्या मर्जीवर असू नये. तो साध्या मजकुराच्या फायलीत, आवृत्तीसह, सर्वांना वाचता येईल असा असावा. खगोलशास्त्राला हे नवे नाही. १९८१ पासून चालत आलेल्या फिट्स या फाइल-स्वरूपाचा दंडकच असा आहे की नव्या सुधारणेने जुनी फाइल अवैध ठरता कामा नये. चाळीस वर्षांपूर्वीची प्रतिमा आज उघडते ती या हट्टामुळे.

तरीही स्कीमावर मी पूर्ण विसंबणार नाही. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. त्याच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या आवेगाची माहिती जमिनीवरील एक प्रणाली फाइलीत लिहीत असे आणि दुसरी ती वाचून मार्ग काढीत असे. दोहोंमधल्या संदेशासाठी लिखित विनिर्देश होता आणि त्यात न्यूटन-सेकंद हे एकक स्पष्ट होते. लिहिणाऱ्या प्रणालीने पाउंड-सेकंदांत आकडे दिले. ४.४५ पटींचा फरक साचत गेला, आणि मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचे ते यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरले. आता कल्पना करा की त्या फाइलीला आजच्या पद्धतीची स्कीमा-चाचणी लावली आहे. रकाना आहे, त्यात दशांश संख्या आहे, ती वाजवी मर्यादेतही आहे. चाचणी हिरवा दिवा दाखवील.

हाच धोका दुर्बिणीच्या आज्ञेतही आहे. विषुवांश तासांत लिहिला आणि वाचणाऱ्याने अंश समजले, तर चूक १५ पटींची; संदेशाचा आकार मात्र निर्दोष. ‘पॅक्ट’ उदाहरणांवर चालते म्हणून येथे वाचवू शकेल, पण तेही ते कसे वापरले यावर. ‘येथे कोणतीही संख्या चालेल’ असा सैल जुळवणी-नियम सर्वत्र लावण्याची सवय असेल, तर उदाहरणातला आकडा नुसता शोभेचा उरतो. शिवाय करारात क्रमही असतो. एसकेएत उप-दुर्बिणीला साधने नेमून द्यावी लागतात, मग तिची मांडणी ठरवावी लागते, ती सज्ज झाली की मगच निरीक्षणाची आज्ञा स्वीकारली जाते. एकेक संदेश निर्दोष आणि क्रम चुकलेला, हे सहज शक्य आहे. त्यासाठी स्थितींची गोष्ट सांगणारी चाचणी लागते; एसकेएचे गट पायटेस्ट-बीडीडीसारखे साधन वापरतात ते अशाच कामांसाठी.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञाला या अडचणीवरचा उपाय आपल्याच वहीत सापडेल. जीएमआरटीवर निरीक्षण करताना आपण ३सी४८सारखा ज्ञात स्रोत आधी पाहतो. त्याची तेजस्विता ठाऊक असते, म्हणून यंत्राचे उत्तर कितपत खरे ते कळते. करारालाही असा कॅलिब्रेटर हवा: ज्याचे भौतिक उत्तर हाताने काढता येते असे एखाद-दुसरे उदाहरण, जे दोन्ही बाजूंनी आकड्यासह जुळवलेच पाहिजे. अमुक बलाचे इंजिन तमुक सेकंद चालले, तर आवेग किती? हे एक उदाहरण करारात बंधनकारक असते, तर ४.४५ हा गुणक पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. म्हणून साधन निवडताना मी आधी विचारीन की ते अशी निश्चित उदाहरणे किती सुलभतेने जपते. अहवाल किती देखणे येतात हे नंतर पाहता येईल.

आपल्या पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या संगणन-अभ्यासक्रमात रुंगे-कुट्टा पद्धत शिकवली जाते, आणि ती शिकवावीच. पण तिचे उत्तर दुसऱ्याच्या प्रणालीला कसे द्यावे, हे कोणी शिकवत नाही. मग हे काम ‘आयटीवाल्यांचे’ म्हणून बाजूला पडते. आयटीवाल्यांना विषुवांश तासांत असतो हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्यानेच करार लिहिण्यास बसले पाहिजे, आणि पुढील दशकात पुण्याला अशी माणसे मोठ्या संख्येने लागतील.

सुरुवात एका दुपारच्या प्रयोगाने करता येईल. व्हीओटेबल या खगोलशास्त्रीय तक्त्याच्या स्वरूपात प्रत्येक रकान्यासोबत त्याचे एकक लिहिण्याची सोय आहे. एखादी छोटी तारकासूची त्या स्वरूपात घ्यावी, ती देणारी आणि वाचणारी अशा दोन लहान सेवा पायथनमध्ये लिहाव्यात आणि मधला करार आधी स्कीमाने, मग पॅक्टने बांधावा. नंतर विषुवांशाच्या रकान्यात अंशांऐवजी तास भरून एककाची नोंद तशीच राहू द्यावी, आणि कोणते साधन ओरडते, कोणते गप्प राहते, ते पाहावे.