तहान का मारली जाते?

वाशिम जिल्ह्यातील सायखेड्याच्या संगीता आव्हाळे यांनी २०१५ साली मंगळसूत्र विकून घरी शौचालय बांधले. त्याची राज्यभर बातमी झाली, तेव्हाच्या ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी त्यांचा सत्कारही केला. सत्कार योग्यच होता. पण साऱ्या घराच्या गरजेसाठी दागिना बाईलाच का मोडावा लागला, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला.

पुढे गावोगाव शौचालये झाली. वावरात मात्र फारसे बदललेले नाही. सोयाबीन सोंगायला सकाळी निघालेली बाई संध्याकाळी घरी येते. पुरुष धुऱ्यावर उभा राहून मोकळा होतो. तिला आडोसा लागतो, आणि सोंगलेल्या वावरात तो उरत नाही. मग ती पाणीच पीत नाही.

स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, पुरुषाची सुमारे २० सेंटिमीटरची. त्यामुळे जंतू तिच्या मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. वेळच्या वेळी लघवी झाली तर ते धुऊन निघतात. तासन् तास रोखली तर वाढतात. आधी जळजळ होते, ओटीपोट दुखते. ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढले जातात. नंतर थंडी वाजून ताप येतो, पाठीत बरगडीखाली दुखू लागते, तेव्हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असतो. गर्भवतीत यामुळे वेळेआधी प्रसूती होऊ शकते. मासिक पाळीच्या दिवसांत तर घडी बदलायलाही जागा नसते.

ती दवाखान्यात उशिरा येते, कारण गाडीवर बसवून नेणारा पुरुष असतो आणि त्याला हे सांगायची तिला लाज वाटते. ‘अंगात कणकण आहे’ एवढेच ती म्हणते. त्याने स्वतःहून विचारले, तर ते दोन दिवस वाचतात.

वावर ज्याचे, त्याने चार बांबू आणि जुनी ताडपत्री लावून आडोसा करावा. तासाभराचे काम आहे. फवारणीसाठी जिथे ड्रमभर पाणी पोहोचते, तिथे बायकांसाठी दोन घागरी सहज पोहोचतील. (फवारणीचा ड्रम मात्र यासाठी वापरू नये.) लघवीची साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ताप-थंडी असेल तर तिला त्याच दिवशी न्यावे, बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.