शेजाऱ्याचे शौचालय आणि आपले बाळ

ज्या घरात गरिबी जास्त, आईचे शिक्षण कमी आणि दोन बाळंतपणांमधले अंतरही कमी, त्या घरातली लहान मुले जास्त दगावतात, हा आरोग्यशास्त्राचा जगभरातला अनुभव आहे. भारतात मात्र एका ठिकाणी हा हिशेब जुळत नव्हता. सरासरीने पाहिले तर मुसलमान कुटुंबे हिंदू कुटुंबांपेक्षा गरीब आणि आयांचे शिक्षणही कमी. तरीही मुसलमानांची लहान मुले जगण्याचे प्रमाण अधिक होते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही बालमृत्यू तुलनेने कमी असल्याची नोंद आहे. त्या अहवालाचा विषय निघाला की आपण शाळा आणि नोकऱ्यांवर बोलतो. ही नोंद तशीच मागे पडून राहते.

सोनिया भालोत्रा, ख्रिस्तीन व्हॅलेंट आणि आर्थर व्हॅन सोस्ट या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली या प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. वयाची पाच वर्षे पूर्ण होण्याआधीचे मृत्यू मुसलमानांमध्ये हिंदूंपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे दर हजार मुलांमागे १७ मुले अधिक वाचत होती. त्यांनी उत्पन्न, शिक्षण, राहण्याचे ठिकाण अशी नेहमीची सगळी कारणे तपासून पाहिली. फरक कशानेच मिटेना. आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी याला कोडे म्हटले.

पुढे मायकेल जेरुसो आणि डीन स्पीअर्स यांनी हे कोडे वेगळ्या बाजूने हाती घेतले. त्यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आधार घेतला तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. या सर्वेक्षणात घरोघरी जाऊन किती मुले झाली, किती हयात आहेत हे विचारतात, आणि त्याच वेळी घरचे लोक शौचाला कुठे जातात हेही विचारतात. एका गावातली किंवा मोहल्ल्यातली बरीच घरे एकत्र निवडली जात असल्याने शेजारीपाजारी काय करतात, हेही त्या नोंदींतून कळते. दोघांनी या दोन उत्तरांची सांगड घातली.

मुसलमान कुटुंबे हिंदू कुटुंबांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक प्रमाणात शौचालय वापरत होती, आणि त्यांच्या शेजारची घरेही बहुधा शौचालय वापरणारीच होती. हा एक घटक हिशेबात धरला तर दोन्ही समाजांच्या बालमृत्यूंमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. उघड्यावरच्या मैल्यातले जंतू माश्यांच्या पायांवरून, पाण्यातून, मुलांच्या हातांवरून पोटात जातात. रांगणाऱ्या बाळाला जुलाब लागतात, अंगातले पाणी आटते आणि काही दिवसांत होत्याचे नव्हते होते.

या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट पुढेच आहे. बाळाच्या जिवासाठी आपल्या घरातल्या शौचालयाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व शेजाऱ्यांच्या शौचालयाला आहे. आपण घरात पक्के शौचालय बांधले आणि भोवतालची दहा घरे उघड्यावर जात असली, तर माशी उंबरठ्यावर थांबून घर कोणाचे ते विचारत नाही. याउलट शौचालय वापरणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या हिंदू बाळांनाही हा फायदा तितकाच मिळतो. म्हणजे मुलांना वाचवणारी गोष्ट नावात किंवा रक्तात नव्हती. ती सवयीत होती आणि ती सवय कोणालाही लावून घेता येते.

आपल्याकडे तहारतीचे धडे लहानपणापासून मिळतात. रस्त्यात, सावलीच्या जागी, पाणवठ्यावर शौच करण्याची मनाई हदीसमध्ये आहे, हे घराघरांत ठाऊक आहे. या मनाईत स्वतःच्या अंगाच्या पाकीइतकाच दुसऱ्याच्या सोयीचा विचार आहे. सावलीत बसणारा दुसरा असतो, पाणी भरणारा दुसरा असतो. तेव्हा हे संशोधन वाचून मिरवणे म्हणजे त्याचा अर्थच न कळणे. शेजाऱ्याचा हक्क हा आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे, ते पुन्हा सांगायला नको. आकडे तोच हक्क दुसऱ्या भाषेत सांगत आहेत.

आणि मिरवावे असे फार काही उरतही नाही. एलिझाबेथ ब्रेनर्ड आणि निधिया मेनन यांनी २०१५ साली भारत, बांगलादेश आणि नेपाळमधल्या मुलांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात मुसलमान बाळे पहिल्या वर्षात वयाच्या मानाने उंचीत पुढे होती. बारा महिन्यांनंतर मात्र ही आघाडी गेली आणि ती मागे पडली. जी मुले वाचली, ती पुढे नीट वाढलीच असे नाही.

आता हे सगळे आपल्या दाराशी आणून पाहू. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम जिथून चालते, ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला, गोवंडीला लागूनच आहे. त्याच गोवंडीत २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली. मग मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण सापडले. काही मुले दगावली. लागण झालेल्या अनेक मुलांनी लस घेतलेलीच नव्हती. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. साथ रोखायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळालेली असावी लागते.

गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. मग पाच महिन्यांच्या बाळाचे काय? एरवी त्याला लस देता येत नाही. त्याला वाचवतात ती शेजारची लस घेतलेली मुले. शौचालयाचा जो हिशेब, तोच लसीचा. आपण आपल्या मुलाची लस चुकवतो, तेव्हा समोरच्या खोलीतल्या तान्ह्या बाळाचे संरक्षण काढून घेतो. त्या घराने आपले काहीही वाईट केलेले नसते.

म्हणून या महिन्यात तीन कामे करावीत. घरातल्या प्रत्येक लहान मुलाचे लसीचे कार्ड काढून दोन्ही तारखा पाहाव्यात. चुकली असेल तर आरोग्य केंद्रात विचारावे, उशिराही देता येते. मोहल्ल्यातले सार्वजनिक शौचालय तुंबलेले, दिवा नसलेले असेल, तर मशिदीच्या कमिटीने आणि महिला मंडळाने मिळून पालिकेकडे लेखी अर्ज करावा. अंधारामुळे बायका-मुले तिथे जात नसतील, तर नुसती इमारत असून उपयोग नाही. तिसरे काम थोडे अवघड आहे. सर्वेक्षणाचे लोक दारात आले की आपल्याकडे धास्ती वाटते, आणि त्या धास्तीला कारणेही आहेत. त्यांचे ओळखपत्र जरूर पाहावे, प्रश्न कशासाठी ते विचारावे. खात्री पटली की खरी उत्तरे द्यावीत. कधीतरी आपल्यासारख्याच हजारो आयांनी किती मुले झाली आणि किती राहिली हे अनोळखी बाईला सांगितले. गेलेल्या मुलाबद्दल बोलणे कोणत्या आईला सोपे असते? त्यांनी ते सांगितले, म्हणून आज शेजारच्या बाळाला कसे वाचवायचे ते आपल्याला ठाऊक आहे.